गावच्या कॉम्प्युटरवर कोणती सिस्टीम टाकावी? सुरक्षेच्या बाजूने एक तुलना

यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडच्या गावांत पहिल्यांदा कॉम्प्युटर घेणारा माणूस बहुधा हेच विचारतो : "भाऊ, व्हायरस न येणारं कोणतं हाय?" कुणी सांगतं लिनक्सला व्हायरस येतच नाही, कुणी म्हणतं मॅक घ्या. तालुक्याच्या दुकानात "विंडोज टाकून देतो, सगळे सॉफ्टवेअर फुल" एवढ्यावरच विषय मिटतो. सेवा केंद्र, कृषी केंद्र, शाळा, गावची अभ्यासिका किंवा घरी कॉम्प्युटर बसवायचा आहे आणि त्यावर लोकांचे आधार, सातबारा, बँकेचे तपशील येणार आहेत, अशांसाठी हा लेख आहे.

माझं मत आधीच सांगतो. सिस्टीमचं, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामचं (विंडोज, लिनक्स वगैरे) नाव नंतर विचारा, तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत मिळणार ते आधी विचारा. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस जगभर पसरला, ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांचे कॉम्प्युटर बंद पडले. त्या व्हायरसला विंडोजमधल्या ज्या खिंडारातून वाट मिळाली, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी दिला होता. फटका बसलेल्या मशीन बहुतेक विंडोज ७ च्या होत्या. तेव्हा विंडोज ७ ला अपडेट मिळत होते, पण ते टाकलेलेच नव्हते. एकाच सिस्टीमच्या दोन मशीन होत्या, अपडेट टाकलेली वाचली आणि न टाकलेली गेली.

पायरी १ : समोर काय आहे ते बघा

मशीन आधीच घरात असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि त्यात अबाउट उघडा. तीन गोष्टी वहीत लिहा : विंडोजची आवृत्ती, प्रोसेसरचं (मशीनच्या मेंदूचं) पूर्ण नाव आणि रॅम (कामापुरती लागणारी मेमरी).

आता आवृत्ती या तारखांशी ताडून बघा. विंडोज ७ च्या दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० ला थांबल्या. विंडोज ८.१ च्या १० जानेवारी २०२३ ला. विंडोज १० च्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. घरगुती वापरासाठी एक वाढीव वर्ष देऊ केलं आहे, पण त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नोंदणी करावी लागते आणि तेही १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतं. मशीन चालू होते, इंटरनेट लागतं, प्रिंट निघते, त्यामुळे काही बिघडलंय असं वाटत नाही. पण त्या तारखेनंतर सापडलेलं प्रत्येक खिंडार उघडंच राहतं, आणि ते चोरांनाही माहीत असतं.

विंडोज ११ प्रत्येक मशीनवर चालत नाही. तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, निदान ४ जीबी रॅम आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. पिढी ओळखायची ती अशी : आय-५ ४५९० म्हणजे चौथी पिढी, आय-५ ८२५० म्हणजे आठवी, आय-५ १०२१० म्हणजे दहावी. मोठ्या शहरांतल्या कंपन्यांमधून निघालेले, पुसून-पासून विकायला ठेवलेले लॅपटॉप आपल्याकडे येतात, त्यांतले पुष्कळ चौथ्या ते सहाव्या पिढीचे असतात. दुकानदार त्यावरही विंडोज ११ टाकून देतो, कारण तपासणी चुकवून ती बसवता येते. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. पैसे मोजण्याआधी प्रोसेसरचा आकडा स्वतः वाचा, स्टिकरवर विसंबू नका.

पायरी २ : चार प्रश्न

कोणतीही सिस्टीम असो, तिला हे चार प्रश्न लावा. दुरुस्त्या कधीपर्यंत? रोजच्या कामात मशीनच्या सगळ्या चाव्या वापरणाऱ्याच्या हातात असतात की परवानगी वेगळी द्यावी लागते? प्रोग्राम कुठून येतात, एका तपासलेल्या भांडारातून की कुठल्याही वेबसाइटवरून? आणि बिघडलं तर तालुक्याच्या गावी ते नीट करू शकणारं कुणी आहे का?

चौथा प्रश्न शहरातले लेख विचारत नाहीत. पण जाणकार माणूस ४० किलोमीटरवर असेल तर लोक दुरुस्ती पुढे ढकलतात, आणि तेवढे दिवस मशीन तशीच उघडी राहते. त्याला मी बाकी तिघांइतकंच वजन देतो.

पायरी ३ : विंडोज

सर्वांत जास्त हल्ले विंडोजवर होतात, याचं मोठं कारण सर्वांत जास्त मशीन तिच्यावर चालतात. आजची विंडोज ११ तशी कच्ची नाही. डिफेंडर हा अँटिव्हायरस आत बसवूनच येतो, त्यामुळे नव्या माणसाने वेगळा विकत घ्यायची गरज मला वाटत नाही. धोका येतो तो तिच्याभोवतीच्या आपल्या सवयींतून, आणि त्यात सर्वांत वाईट सवय म्हणजे क्रॅक.

"फॉरमॅट मारून विंडोज टाकून द्या" म्हटलं की अनेक ठिकाणी क्रॅक केलेली, म्हणजे परवाना न घेता फसवून चालू केलेली विंडोज येते. ती चालू करणारा छोटा प्रोग्राम बसवताना पहिली सूचना असते, अँटिव्हायरस बंद करा. म्हणजे कुठल्या अनोळखी माणसाने लिहिलेल्या प्रोग्रामला तुम्ही पहारा उठवून, सगळ्या चाव्या देऊन आत घेता. तो आत काय ठेवून गेला हे कळायला मार्ग नाही. पुढे कटकट नको म्हणून अपडेटही बंद केलेले असतात. शेताला झटका मशीनचं कुंपण करून फाटक उघडं ठेवल्यासारखं हे आहे, रानडुकरांना तेवढंच पुरतं. सेवा केंद्राच्या मशीनवर तर हे मुळीच चालवू नका. तिथे तुमच्या एकट्याचं नाही, पाचशे घरांचं जातं. मूळ परवान्यासह आलेला लॅपटॉप घ्या, पावतीवर विंडोज लिहून घ्या.

दुसरी वाट पेनड्राइव्हची. पूर्वी पेनड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्राम आपोआप सुरू व्हायचा. विंडोज ७ मध्ये ही सोय बंद झाली, जुन्या विंडोज एक्सपी-व्हिस्टासाठी २०११ मध्ये अपडेटने बंद केली. त्यामुळे व्हायरसांनी युक्ती बदलली : खऱ्या फाइली लपवायच्या आणि त्याच नावाचे शॉर्टकट ठेवायचे. माणूस "फोटो" समजून दोनदा क्लिक करतो आणि व्हायरस त्याच्याच हाताने सुरू होतो. फाइलच्या चित्रावर डाव्या कोपऱ्यात वाकडा बाण दिसला तर उघडू नका. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत जाऊन फाइलच्या नावाचा शेपटाकडचा भाग दिसेल अशी खूण करा. मग "बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई" असा बनाव लगेच ओळखू येतो.

नवीन मशीनवर पहिल्याच दिवशी दोन खाती करा. एक मालकाचं, सगळे अधिकार असलेलं, त्याचा पासवर्ड कामावरच्या मुलाला देऊ नका. दुसरं साध्या अधिकारांचं, रोजच्या कामाला. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, त्यात अदर युजर्स इथे ते बनतं. दहा मिनिटांचं काम आहे. मग एखादी फाइल काही बसवू पाहते तेव्हा मालकाचा पासवर्ड मागितला जातो आणि गोष्ट तिथेच अडते.

अपडेटची आपल्याकडची अडचण वेगळी आहे. नेट फोनच्या हॉटस्पॉटवरून, रोजचा डेटा मोजका, आणि मध्येच लाईन जाते. मायक्रोसॉफ्ट सुरक्षेचे अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सोडते, आपल्याकडे तेव्हा रात्र असते. एखाद्या महिन्यात ते गिगाबाइटच्या वर जातात. म्हणून त्या आठवड्यातली एक रात्र ठरवून ठेवा, गुरुवार म्हणा. हॉटस्पॉटचं कनेक्शन "मीटर्ड", म्हणजे डेटा जपून वापरायचं, म्हणून लावलेलं असेल तर विंडोज अपडेट उतरवणं थांबवते, तेव्हा त्या रात्रीपुरती ती खूण काढा. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या. डेस्कटॉप असेल तर यूपीएस घ्याच, अपडेट बसत असताना लाईन गेली तर मशीन सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते.

पायरी ४ : लिनक्स

चौथ्या-पाचव्या पिढीची मशीन हातात असेल आणि नवीन घ्यायला पैसे नसतील, तर मी लिनक्स मिंट सुचवतो. ती फुकट आहे, क्रॅकची गरजच नाही. विंडोज वापरलेल्याला तिची मांडणी परकी वाटत नाही, एमएस-सीआयटी केलेला मुलगा आठवड्यात रुळतो. मिंट २२ मालिकेला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत, म्हणजे विंडोज १० वर अडकलेल्या मशीनला काही वर्षांचं आयुष्य मिळतं. २ जीबी रॅमवरही ती सुरू होते, पण ४ जीबी असेल तरच नीट काम होतं. कमी रॅम असेल तर तिची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती घ्या. सी-डॅक या सरकारी संस्थेने बनवलेली बॉस ही भारतीय लिनक्सही आहे, पण अडलं की इंटरनेटवर उत्तर सापडणं मिंटचं सोपं, म्हणून नवख्यासाठी माझा कौल मिंटला.

चार प्रश्नांत लिनक्स कुठे चांगली ठरते? प्रोग्राम बहुधा तिच्या स्वतःच्या भांडारातून येतात, रोजचा वापरकर्ता मुळातच कमी अधिकारांचा असतो, आणि पेनड्राइव्हवरचे विंडोजचे व्हायरस तिथे चालतच नाहीत. पण "व्हायरस येतच नाही" हे खोटं आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्याच वेबसाइटवर घुसून चोरांनी खऱ्या फाइलच्या जागी मागचं दार ठेवलेली फाइल लावली होती. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असणाऱ्या छोट्या प्रोग्रामात कुणीतरी विश्वास संपादन करून हळूहळू चोरवाट घातल्याचं उघड झालं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या मशीनमध्ये लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, त्याने खोदून काढलं. बहुतेक लोकांच्या मशीनपर्यंत ते पोचण्याआधीच सापडलं. प्रोग्रामची संहिता सर्वांना वाचायला खुली असते म्हणून त्याला ते मुळापर्यंत शोधता आलं. मला या पद्धतीबद्दल आदर आहे तो यामुळेच.

बसवायचं असं. ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या. मिंटच्या अधिकृत वेबसाइटवरूनच फाइल उतरवा. तिथे फाइलसोबत एक लांबलचक अंक-अक्षरांची ओळ दिलेली असते, तिला चेकसम म्हणतात. उतरवलेल्या फाइलची ओळ तिच्याशी जुळते का ते बघा. २०१६ चा प्रसंग वाचल्यावर हे काम आळसाने टाळू नये. मग रुफस या प्रोग्रामने पेनड्राइव्ह तयार करा, मशीन त्यावरून सुरू करा. मिंट काहीही न पुसता, पेनड्राइव्हवरूनच चालून दाखवते. एक अख्खा दिवस तशीच वापरा : वायफाय लागतं का, आवाज येतो का, मराठी टाइप होतं का, प्रिंट निघते का. एचपीचे बरेचसे प्रिंटर सरळ ओळखले जातात, काही जुने लेझर प्रिंटर मात्र घाम काढतात.

सगळं जुळलं तरच पुढे जा. जुन्या डिस्कवरचे फोटो, बिलं, कागदपत्रं दुसऱ्या हार्डडिस्कवर काढून घ्या, ती उघडून बघा, आणि मग बसवा. बसवताना डिस्क एन्क्रिप्ट करायचा, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी करायचा पर्याय येतो. लॅपटॉप बाहेर फिरणार असेल तर तो निवडा, पण पासवर्ड विसरलात तर डिस्कवरचं काहीच परत मिळत नाही, म्हणून तो कागदावर लिहून कपाटात ठेवा. बसवून झाल्यावर फायरवॉल (नेटवरून आत येणाऱ्यांना अडवणारा पहारा) चालू करा, मिंटमध्ये ती सुरुवातीला बंद असते. खाली कोपऱ्यात ढालीचं चिन्ह दिसतं, तिथून अपडेट येतात. टाइमशिफ्ट हा प्रोग्राम एकदा लावून ठेवा, अपडेटने काही बिघडलं तर मशीन कालच्या स्थितीत परत नेता येते.

लिनक्स कुठे घेऊ नये हेही सांगतो. हिशोबाची टॅली फक्त विंडोजवर चालते. श्रीलिपीसारखी जुनी मराठी टाइपिंगची सॉफ्टवेअरंही मुख्यतः विंडोजचीच. आधारसाठी अंगठा घेणाऱ्या यंत्रांचे ड्रायव्हर मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी येतात. तुमचा धंदा यांवर असेल तर लिनक्सच्या मोहात पडू नका, काम अडेल आणि शेवटी कुणीतरी क्रॅक विंडोज आणून टाकेल.

मॅक आणि क्रोमबुक

अ‍ॅपलचा मॅक आपल्या गावांत क्वचित. सिस्टीम चांगली बांधलेली आहे, पण २०१२ मध्ये फ्लॅशबॅक नावाच्या व्हायरसने सहा लाखांवर मॅक धरले होते. सेकंडहँड घेणाऱ्याने एवढं बघावं की इंटेल प्रोसेसरच्या मॅकसाठी टाहो ही शेवटची आवृत्ती असल्याचं अ‍ॅपलने जून २०२५ मध्येच सांगितलं आहे. स्वस्तात मिळणारे जुने मॅक बहुतेक इंटेलचेच असतात.

क्रोमबुक, म्हणजे गूगलच्या सिस्टीमवर चालणारा लॅपटॉप, सुरू होताना दरवेळी स्वतःची सिस्टीम कुणी बदलली तर नाही ना हे तपासतं, अपडेट मागे न लागता येतात. फक्त ब्राउझरमध्ये काम असेल आणि नेट बरं असेल तर शाळेसाठी ते उत्तम. पण त्याची अपडेटची मुदत ते मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून मोजतात, तुम्ही घेतलं त्या दिवसापासून नाही. जुना साठा स्वस्तात मिळत असेल तर मुदत किती उरली ते सेटिंग्जमध्ये बघून मगच पैसे द्या.

पायरी ५ : फोन विसरू नका

गावातला सर्वांत जास्त वापरला जाणारा कॉम्प्युटर अँड्रॉइडचा फोन आहे आणि ओटीपी त्याच्यावरच येतो. चार प्रश्न त्यालाही लावा. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी अपडेटची तारीख दिसते. ती दोन-तीन वर्षं जुनी असेल तर त्या फोनवर बँकेचं अ‍ॅप ठेवू नका.

अँड्रॉइड मुळात कमकुवत नाही, प्रत्येक अ‍ॅपला वेगळ्या कप्प्यात ठेवते. चोर म्हणून परवानगी तुमच्याकडूनच काढून घेतात. व्हॉट्सअ‍ॅपवर "पीएम किसान", "आरटीओ चलान" किंवा लग्नपत्रिका म्हणून एपीके, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल येते. ती पाठवणारा ओळखीचाच असतो, कारण त्याचा फोन आधीच गेलेला असतो. बसवली की ती एसएमएस वाचायची परवानगी मागते, आणि तिथून ओटीपी परस्पर जातो. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, एपीके कधीच नसते, हे घरातल्या आजी-आजोबांना सांगून ठेवा. सेटिंग्जमध्ये "इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स" उघडा आणि व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल मॅनेजर सगळ्यांसमोर ती परवानगी बंद करा.

पायरी ६ : निवड आणि रोजची शिस्त

सेवा केंद्रासाठी, किंवा टॅली चालवणाऱ्या कृषी केंद्रासाठी : आठव्या पिढीपुढचा प्रोसेसर, परवान्याची विंडोज ११, दोन खाती. अभ्यासिका, वाचनालय, शाळेची खोली : जुन्या मशीन गोळा करा आणि मिंट टाका. स्पर्धा परीक्षेची मुलं पीडीएफ, व्हिडिओ आणि ब्राउझरमधल्या चाचण्या वापरतात, त्याला ती पुरून उरते. घरी एकच जुना लॅपटॉप असेल आणि कुणी शिकवणारं जवळ असेल तर मिंट, नसेल तर पैसे साठवून विंडोज ११ घ्या.

सेवा केंद्र चालवणाऱ्यांना एक विनंती. पीक विम्याच्या गर्दीत डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये आधार, पासबुक, सातबाऱ्याच्या शेकडो प्रती साठतात. कोणतीही सिस्टीम त्या स्वतःहून पुसत नाही. संध्याकाळी दुकान बंद करताना त्या काढा आणि रिसायकल बिनही रिकामी करा. ग्राहक स्वतःचा ईमेल उघडणार असेल तर ब्राउझरची गेस्ट खिडकी द्या, आणि पासवर्ड साठवू का असं ब्राउझरने विचारलं तर नेहमी नाही म्हणा. स्वतःच्या हिशोबाची प्रत आठवड्यातून एकदा बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या आणि ती डिस्क मशीनला लावून ठेवू नका. खंडणीचा व्हायरस आला तर जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतो.

मेच्या उन्हात ४५-४६ अंशांत पत्र्याच्या खोलीत मशीन आपोआप बंद पडू लागली तर आधी पंख्यातली धूळ काढा. प्रत्येक बंद पडणं व्हायरसचं नसतं, आणि अशा वेळी घाबरून इंटरनेटवरून "क्लिनर" उतरवणारे खऱ्या व्हायरसला घरात घेतात. साफसफाईचं साधन हवंच असेल तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या वेबसाइटवर फुकट मिळतं.

आणि तरीही झालंच तर

फाइली उघडेनाशा झाल्या, पैसे मागणारी पाटी आली, किंवा खात्यातून रक्कम गेली, तर आधी नेट तोडा : वायर काढा, वायफाय बंद करा. लगेच फॉरमॅट मारू नका, पुरावा जातो. खंडणी देऊ नका, पैसे देऊनही फाइली मिळतील याची हमी नसते. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन लावा, जितका उशीर तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पांगते. फोन लागत नसेल तर केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार भरा, पण संशयित मशीनवरून नाही, दुसऱ्या फोनवरून. बँकेचे पासवर्डही त्या दुसऱ्या फोनवरूनच बदला. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी बँकेत व पोलीस ठाण्यात जाताना तो सोबत ठेवा.